बिब्ब्याचा डाग

दयाराम जाऊन दोन वर्षं झाली. तापाने गेला, असं सगळे सांगतात आणि ते खोटं नाही. पण तो ताप कसला आहे हे आठ दिवस आधी कळलं असतं, तर साध्या गोळ्यांनी उतरला असता. ते वेळेवर कळू न देण्यात माझा वाटा होता. तो किती होता, हे मात्र मला मागच्या महिन्यापर्यंत पुरतं ठाऊक नव्हतं.

मी बुलढाण्यात चौतीस वर्षं अकरावी-बारावीला प्राणीशास्त्र शिकवलं. शिकवणं आपलं काम आणि शिकणं दुसऱ्याचं, अशी माझी या वर्षांत पक्की समजूत झालेली. त्यातून स्वभाव तापट. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा काहीतरी करावं, म्हणून ज्ञानगंगेच्या जंगलातल्या कोळ्यांची यादी करायचं मनावर घेतलं. कोळी म्हणजे जाळी विणणारे. "घरातली जळमटं काढा म्हटलं तर तुमची कंबर धरते," स्नेहलता म्हणाली, "आणि जंगलातली मोजायला निघालात." तिचं बरोबर होतं, पण मी निघालो.

बोथा गावाच्या पुढे, आत जंगलात, नाल्याच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांची एक कुटी आहे. दर वर्षी भादवा-आश्विनात महिनाभर तिथे राहायची मला परवानगी मिळाली. तिथे वीसेक वर्षांपासून रोजंदारीवर राखणीला होता तो दयाराम. देऊळघाटचा माणूस. गावाकडे त्याचं वांगी-मिरचीचं थोडं शेत होतं, ते त्याची बायको कौशल्याबाई बघायची, आणि हा आठवड्यातून एकदा, रविवारी, घरी जाऊन यायचा. मुलगी संजीवनी दुसरबीडला दिलेली. त्याच्याशी बोलताना मी 'दयारामभाऊ' आणि 'तुम्ही' म्हणायचो. मनात मात्र तो दयारामच होता, आणि इथेही तसंच लिहितो, कारण त्याला 'ते' म्हटलं की तो कोणीतरी दुसराच वाटायला लागतो.

पहिल्या वर्षी मी पोचलो तेव्हा माझ्याबरोबर तीन बॅगा होत्या. अंगाला फासायची मलमं, फवारे, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे, मच्छरदाणी, विंचू चावला तर काय करावं याचं एक पुस्तक. दयाराम ओट्यावर डाळ निवडत बसला होता. बुटका, काटक, डोक्याला रुमाल, खाकी शर्टाला वरची दोन बटणं नाहीत. त्याने एकेक वस्तू बाहेर पडताना पाहिली.

"मास्तर," तो म्हणाला, "एवढं सामान पाहून किडे आधीच पळून जातीन. मंग मोजसान काय?"

मला राग आला. मास्तर म्हटल्याचा आला की खरं बोलल्याचा, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा मच्छरदाणी चारी बाजूंनी नीट खोचलेली होती आणि आत मी लाल मुंग्यांनी फोडून काढलेला होतो. मुंग्या खाटेच्या पायांवरून चढल्या होत्या. पुस्तकात मुंग्या नव्हत्या. दयारामने रंगाचे चार रिकामे डबे आणले, खाटेच्या चारी पायांखाली ठेवले, त्यांत पाणी ओतलं आणि वरून रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडले. त्यानंतर एकही मुंगी वर आली नाही.

चार दिवसांत वाळवीने माझ्या नोंदींची वही खालून खाल्ली. बॅग मी जमिनीवर ठेवली होती. मी आरडाओरडा केला, जणू वाळवी त्यानेच पाळली होती. त्याने ऐकून घेतलं. मग आढ्याला एक दोरी बांधली, तिला वह्या, बूट, पिठाची पिशवी असं सगळं अधांतरी टांगून दिलं. खाली ठेवलं ते गेलं समजा, एवढंच म्हणाला. बूट उलटे टांगायचे, घालण्याआधी तीनदा झटकायचे, हेही त्यानेच सांगितलं. तिसऱ्याच दिवशी त्यातून विंचू पडला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हा त्याचा मोठेपणा होता. मी असतो तर पाहिलं असतं.

छपरात एक धामण राहायची. धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, तिला मारू नये, हे मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. ती डोक्यावरच्या वाशावरून सरकताना दिसली तेव्हा एका पायात चप्पल घालून मी नाल्यापर्यंत पळालो. परत आलो तर दयाराम खालून तिला सांगत होता, "सरका बरं जरा पलीकडं. मास्तर भेतात तुमाले." किड्यामुंग्यांशी, जनावरांशी तो असाच अदबीने बोलायचा. अस्वलाचं नाव तर तोंडाने घ्यायचाच नाही. 'काळे पाव्हणे' म्हणायचा.

त्या पाहुण्यांवरून मी एकदा नसता घोळ घातला. सीताफळं पिकायला लागली होती. कुटीत सीताफळ ठेवू नका, वास जातो, असं त्याने दोनदा बजावलं होतं. मी गुपचूप बारा फळं तुरीच्या पोत्यात पिकत घातली. चौथ्या दिवशी दुपारी दाराला धक्का बसला. मग नखांचा आवाज. फटीतून काळे केस दिसले. दयाराम एकदाच माझ्याकडे वळला, हुंगलं, थेट पोत्यात हात घातला आणि मागच्या खिडकीतून एकेक सीताफळ जोर लावून लांब फेकायला लागला. बाराच्या बारा. दाराशी चाललेली खरड थांबली, पावलं मागे वळली आणि थोड्या वेळाने लांबून मचमच ऐकू आली. मग त्याने पोतं झटकलं, दाराशी झाडू मारला आणि चहा टाकला. त्या चहाबरोबर त्याने मला एक शब्द ऐकवला असता तर मला बरं वाटलं असतं.

असे तीन आश्विन मी त्याच्याबरोबर काढले. रोज चारच्या सुमारास आम्ही जंगलातून परत आलो की तो मला ओट्यावर उभं करायचा. शर्ट काढा, फिरा, हात वर करा. मान, काखा, गुडघ्यांच्या मागच्या बाजू, सगळं नीट बघायचा. गोचीड दिसली की तिच्यावर तेलाचं बोट ठेवायचा आणि ती सैल पडेपर्यंत गप्पा मारत बसायचा. खाजकुयलीची कुसं लागली तर शेणाने चोळून धुवायचा. या पाहणीला मी आधी वैतागायचो, मग सवयीचा झालो, मग ती मला आवडायला लागली. आई गेल्यानंतर माझ्या अंगाकडे इतक्या काळजीने कोणी पाहिलं नव्हतं.

पण त्याची पाहणी कोणी करत नव्हतं. त्याचं त्याला जेवढं दिसेल तेवढं. मी कधी म्हटलं नाही, दयारामभाऊ, तुम्ही फिरा, मी बघतो. मला सुचलंच नाही, हे खरं कारण. तो जंगलातला माणूस, त्याला काय होणार, असं मी धरून चाललो होतो.

आता त्या किड्याबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझी चूक तुम्हाला नीट दिसेल. पावसाळा सरताना गवतात आणि झुडपांत एक अगदी बारीक लाल किडा असतो. गोचिडीच्या आणि कोळ्याच्याच नात्यातला. त्याची पिल्लं नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. ती चावतात तेव्हा कळत नाही. दोन-चार दिवसांनी त्या जागी काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी, कडेने लाल. दुखत नाही, खाजत नाही. मग ताप येतो. स्क्रब टायफस म्हणतात त्याला. आपल्या भागात हा ताप आहे हे मला वाचून माहीत होतं. माझ्या यादीत मात्र मी हे किडे घेतले नव्हते. भिंगातून एवढं बारीक बघायला माझे डोळे तयार नव्हते. यादीला 'जाळी विणणारे कोळी' असं नाव दिलं की हे नातेवाईक वगळता येत होते.

तिसऱ्या वर्षी आश्विनात दयाराम कुटीभोवतीचं गवत कापत होता. चार-पाच दिवस उकिडवा बसून, शर्ट वर सरकलेला, कंबर उघडी. रविवारी घरी जाऊन आला. मंगळवारी त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. अर्धा निघाला, अर्धा आत राहिला. बुधवारी त्याने बिब्बा लावला.

बिब्ब्याची झाडं त्या जंगलात पुष्कळ. बिब्बा लावणं मी पहिल्यांदाच इतकं जवळून पाहिलं. त्याने सुईच्या टोकाला बिब्ब्याचं फळ टोचलं, चुलीच्या विस्तवावर धरलं, आणि त्यातून काळं तेल सुटायला लागल्यावर ते टाचेला लावलं. चर्र आवाज झाला, जागा काळी पडली. "आता काटा आतल्या आत जिरते," तो म्हणाला. हे तेल जरा जरी दुसरीकडे लागलं तरी कातडी भाजून काळी पडते, फोड येतात, त्याला बिब्बा उतला म्हणतात, हेही त्याने सांगितलं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. फार आनंदाने उतरवून घेतलं. मास्तर आता जंगलातला झाला, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

गुरुवारी त्याला थंडी वाजायला लागली. डोकं फुटल्यासारखं दुखतं म्हणाला. शुक्रवारी ताप वाढला तरी तो नाल्यावर अंघोळीला गेला, आणि शर्ट काढला तेव्हा मला त्याच्या कमरेवर, करदोड्याच्या जरा वर, तो डाग दिसला. तुरीच्या डाळीएवढी काळी खपली, कडेने लाल.

"हे काय हो?" मी विचारलं.

त्याला तो दिसत नव्हता. मागे हात नेऊन त्याने चाचपलं. "दुखत तं नाई. बिब्ब्याचा हात लागला असन."

"उतला वाटतं," मी म्हणालो. परवाच शिकलेला शब्द होता.

शनिवारी सकाळी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून मी बुलढाण्याला आणलं. तो माझ्या पाठीवर डोकं टेकून बसला होता आणि शर्टातून मला त्याच्या कपाळाची आग लागत होती. कौशल्याबाईंना फोन केला, त्या देऊळघाटहून परस्पर दवाखान्यात आल्या. डॉक्टर कुशल माझा विद्यार्थी. बारावीला माझ्या हाताखाली होता, हुशार पोरगा, अजूनही मला पाहिलं की खुर्चीवरून उठतो. त्याने नाडी पाहिली, डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्या लिहिल्या. आणि मग त्याने योग्य तोच प्रश्न विचारला.

"सर, अंगावर कुठे काळा डाग, खपली असं काही?"

दयाराम डोळे मिटून पडला होता. उत्तर मी दिलं.

"कमरेला आहे एक, पण तो बिब्ब्याचा. बुधवारी टाचेला बिब्बा लावलाय, माझ्यासमोरच. तोच हात लागून उतलाय."

कुशल हसला. "माझी आजी पण लावायची, सर. पायांना सगळे काळे ठिपके." आणि त्याने कागदावर पुढचं लिहायला घेतलं. शर्ट वर करून पाहिलं नाही. त्याला मी दोष देत नाही. बिब्बा त्यालाही माहीत होता, मलाही माहीत होता, आणि त्याच्या सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मलेरिया निघाला नाही, डेंग्यू निघाला नाही. औषधं चालू झाली, ती या तापाची नव्हती. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. मी रोज जायचो. रविवारी तो माझ्याशी बोलला. कुटीत पीठ टांगलेलं आहे ना, खाली तर नाही ठेवलं, असं विचारलं. सोमवारी म्हणाला, "मास्तर, अवंदा तुमची पाहणी राह्यली. घरी वहिनीले सांगा मान पाहाले." मंगळवारपासून तो तुटक बोलायला लागला. बुधवारी दुपारी त्याला दम लागला, डोळे पिवळे दिसायला लागले, आणि कुशलने स्वतः गाडीत बसून त्याला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मागच्या बाकावर कौशल्याबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी पुढे.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, केरळकडची. मराठी तिला येत नव्हती. तिने दयारामचे सगळे कपडे काढायला लावले, आणि जसा तो मला ओट्यावर फिरवायचा तसं तिने त्याला या कुशीवरून त्या कुशीवर फिरवलं. कमरेशी थांबली.

"ये क्या है?"

"बिब्बा," मी म्हणालो.

"बिब्बा क्या होता है?"

मी सांगायला लागलो. फळ, सुई, विस्तव. तिने दोन वाक्यांपलीकडे ऐकलं नाही. तिला बिब्बा माहीत नव्हता, म्हणून तिला डाग दिसला. तिने बोटाने खपलीची कड दाबली, नर्सला हाक मारली, आणि पाच मिनिटांत खरं औषध त्याच्या शिरेतून जायला लागलं. माझ्याकडे वळून तिने विचारलं, हा डाग आधी कोणी पाहिला नाही का. मी पाहिला होता म्हणालो.

तोवर उशीर झाला होता. मूत्रपिंडं थकली होती, फुप्फुसात पाणी झालं होतं. शनिवारी सकाळी साडेदहाला दयाराम गेला. वीस वर्षं अस्वलांत, बिबट्यांत, सापांत राहिलेला माणूस डोळ्याला न दिसणाऱ्या किड्याने गेला, असं गावात लोक हळहळून बोलत होते. मी त्यांच्यात उभा होतो आणि मान हलवत होतो.

कुशलने मला पुढे एकदाच फोन केला. "सर, मी बघायला हवं होतं," म्हणाला. मी म्हणालो, "मी सांगितलं म्हणून तू पाहिलं नाहीस." मग त्याने फोन ठेवला. माझी यादी अर्धीच राहिली. कुटीत मी परत गेलो नाही.

दोन वर्षं मी स्वतःला एक समजूत घालत आलो. चूक झाली, पण ती कोणाकडूनही झाली असती. दयारामला स्वतःलाच बिब्बा वाटला होता. डाग आधीचा की नंतरचा, हे त्या खोलीत कोणाला ठाऊक होतं? कोणालाच नाही. मग मी तरी काय करणार होतो? या समजुतीवर मला झोप लागायची. कौशल्याबाईंना मात्र तोंड दाखवायचं धाडस होत नव्हतं. त्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसतात, लिंबाच्या झाडाखाली. मी भाजी घ्यायला दुसऱ्या गल्लीने आत शिरायचो. तिकडची वांगी निबर असतात, स्नेहलता रोज बोलून दाखवायची. तिला कारण माहीत होतं, तरी बोलायची.

मागच्या महिन्यात त्यांनीच मला गाठलं. मी दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी होतो. मागून हाक आली.

"मास्तर."

वळलो. कौशल्याबाई होत्या. खांदे वाकले होते, कपाळ मोकळं. "इकडून काऊन नाई येत तुमी?" त्यांनी विचारलं. "या, बसा घडीभर. मले तुमाले एक इचारायचं हाय. दोन वर्साचं इचारायचं हाय."

त्यांच्या पोत्याच्या कडेला मी बसलो. समोर वांगी, मिरच्या, संभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. दुपारी एकचा सुमार, गर्दी ओसरलेली. त्यांनी मिरच्यांवर पाणी शिंपडलं. बराच वेळ शिंपडत राहिल्या.

"मास्तर, तो कमरेचा डाग बिब्ब्याचा नव्हता."

"नव्हता, वहिनी. ते अकोल्याला कळलं आपल्याला."

"मले आधी मालूम होतं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्या मिरच्यांकडे बघूनच बोलत होत्या. "रविवारी घरी आले तवा मी त्याईची पाठ चोळून देत होती तेलानं. तवाच होता तो डाग. मी म्हटलं बी, हे काय लागलं. तं म्हने गवतात काई टोचलं असन. काटा मोडला मंगळवारी. बिब्बा लावला बुधवारी. मंग रविवारी बिब्ब्याचा डाग कुठून येईन?"

एक बाई वांगी बघायला आली. कौशल्याबाईंनी तिला हवी तेवढी तोलून दिली, देठं मोडकी होती ती बदलून दिली. ती बाई जाईपर्यंत मी जमिनीकडे बघत बसलो. रविवार, मंगळवार, बुधवार. साधा हिशेब होता. एवढाच हिशेब त्या खोलीत कोणी मांडला असता तर कुशलने त्याच क्षणी शर्ट वर केला असता, आणि तेव्हा शनिवार होता, हातात आठ दिवस होते.

"तुम्ही तेव्हा दवाखान्यात होतात ना, वहिनी," मी म्हणालो. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा."

"खाटीच्या पायथ्याशी उभी होती."

"मग..."

"मी बोलाले लागली होती. अवो डाक्टर, एवढं तोंडातून निघालं बी होतं. तुमी हात केला." त्यांनी उजवा हात उचलला, पंजा माझ्याकडे, थांबा म्हणतात तसा. वर्गात मागच्या बाकावरचं पोर मधेच बोललं की मी करायचो तसाच. "डाक्टरशी बोलून राह्यले होते तुमी. मले वाटलं, मास्तर शिकेल हायेत, त्याईले मालूम असन. चार मानसांत नवऱ्याच्या कमरेचं मी काय सांगू? मी थांबली."

मला तो हात आठवत नाही. त्या दिवशीचं बाकी सगळं आठवतं, कुशलच्या टेबलावरचं पेन आठवतं, दयारामच्या पायाची काळी टाच आठवते. स्वतःचा वर गेलेला हात आठवत नाही. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. चौतीस वर्षांत तो हात मी किती वेळा वर केला असेल आणि किती जणांच्या तोंडातलं तोंडात राहिलं असेल, याची मोजदाद नाही.

"तुमाले बोल लावाले नाई बोलावलं मी," त्या म्हणाल्या. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले फक्त एक सांगा. तुमी शिकेल हाय, आन् दुसऱ्या कोनाले इचारू? मी तवाच बोलली असती, तं वाचले असते काय हो ते?"

नाही म्हणावं असं मला फार वाटलं. नाही वहिनी, त्याचं आयुष्यच तेवढं होतं, तुम्ही बोलला असतात तरी काही झालं नसतं. एवढं म्हटलं असतं तर त्या निवांत झाल्या असत्या. आणि त्यांच्याबरोबर मीही सुटलो असतो, म्हणूनच ते माझ्या तोंडून निघेना.

"वाचले असते," मी म्हणालो. "पण तुम्ही बोलला नाहीत म्हणून नाही गेले ते, वहिनी. मी तुम्हाला बोलू दिलं नाही म्हणून गेले."

त्यांनी पदर तोंडाला लावला. आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते. शेजारच्या टमाटेवालीने एकदा वळून पाहिलं आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी तिथेच बसून राहिलो. मला हात जोडायचे होते, तेही जमलं नाही.

खूप वेळाने त्यांनी तोंड पुसलं.

"दोन वर्सं झाली मास्तर," त्या म्हणाल्या, "मले वाटे, माह्या एकटीच्याच हातून झालं."